जवसाच्या चटणीला पुरावा हवा

जवसाची चटणी कुटून झाली असली तरी लगेच भाकरीला लावू नका. आधी पुरावा पाहा. खाण्यावरच्या वादात साधासुधा अभ्यास आता चालत नाही, पारावरचं शेंबडं पोरही तो खोडून काढतं. थेट सिस्टिमॅटिक रिव्ह्यूच काढायचा. म्हणजे जगभरातले अभ्यास सुपात घ्यायचे, पाखडायचे आणि उरतील त्यांचा एकत्र हिशेब मांडायचा. कॉक्रेन ही संस्था १९९३ पासून हेच करते. २०१८ मध्ये त्यांनी ओमेगा-३ चे, म्हणजे माशांत नि जवसात असणाऱ्या स्निग्धाचे, ७९ प्रयोग पाखडले, माणसं १,१२,०५९. निघालं काय? माशाच्या तेलाच्या गोळ्यांनी हृदयाला फारसा फरक पडत नाही. जवसातल्या जातीच्या ओमेगा-३ ने किंचित फायदा होत असेल, कदाचित. हे 'कदाचित' वाचायचं नाही. मोबाईल उंच धरून नुसता आकडा म्हणायचा. एवढी माणसं आपल्या आठवडी बाजारालाही येत नाहीत.

समोरचाही तयारीचा निघाला तर? मटणावरून हे हमखास होतं. तो २०१५ चं दाखवेल: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाल मांसाला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं. तुम्ही २०१९ चं काढा: आढावे घेणाऱ्या दुसऱ्या एका गटाने सांगितलं, खाता तेवढं खात राहा. 'शिफारस कमकुवत, पुराव्याची खात्री कमी' हेही त्यांनीच लिहिलंय, पण तेवढं अंगठ्याखाली झाकता येतं. दोघंही जिंकता. सावजीवाल्याची भट्टी काही विझत नाही.

खात्री कमी का, या खोलात मात्र शिरू नका. मी शिरलो. यातल्या पुष्कळ अभ्यासांत लोकांना विचारतात, वर्षभरात अमुक पदार्थ किती वेळा खाल्ला. म्हणून आजीला विचारलं, "मागच्या वर्षी वांगे किती वेळा खाल्ले?" ती परातीत भाकर थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "वावरात होते तवा रोज खाल्ले, बाप्पा. मंग नाई खाल्ले. तुले काहून पाह्यजे?" आता हे कोणत्या रकान्यात भरू? 'आठवड्यातून २ ते ४ वेळा'वर खूण केली. अशा हजारो खुणांचा एक अभ्यास, आणि अशा अभ्यासांचा रिव्ह्यू.

कोणी काय खायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले प्रयोग बरे म्हणावेत, तर स्पेनमधला भूमध्य आहाराचा, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या लोकांसारखं खाण्याचा, गाजलेला प्रयोग पाहा. २०१३ ला छापला, २०१८ ला मागे घेऊन, दुरुस्त करून पुन्हा छापला. चिठ्ठी माणसागणिक निघायला हवी होती. काही ठिकाणी एका घरातल्यांना सरसकट एकच आहार दिला होता. एका चुलीवर सासऱ्याचं वेगळं नि सासूचं वेगळं कोण रांधतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही सुनेने आधीच सांगितलं असतं.

एवढं सगळं आजीला वाचून दाखवलं. तिने ताटात चटणी वाढली, तेलाची बुधली उचलली आणि विचारलं, "मंग तेल टाकू का नोको?"

म्हटलं, पुराव्याची खात्री कमी आहे.

तिने टाकलं.