नाटक करू नकोस, ऊठ

पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना पळवण्याचे काम मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बारा वर्षांपासून करतो आहे. त्यातली पहिली पाच वर्षे, कोणी मैदानावर पडले तर छाती नेमकी कुठे दाबायची, हे मला माहीत नव्हते. ही कबुली आधीच दिलेली बरी, कारण पुढे जे लिहिले आहे त्यातली पहिली चूक माझीच आहे.

मे महिना होता. उशिरा आलेल्या सहा-सात मुलांना मी शिक्षा म्हणून साडेनऊ वाजता, ऊन चांगले तापल्यावर, १६०० मीटर दोनदा पळायला लावले. त्यातला एक जण शेवटच्या फेरीत झोकांड्या खाऊ लागला, कडेला बसला आणि काहीतरी असंबद्ध बोलू लागला. मी त्याला म्हणालो, ‘नाटक करू नकोस, ऊठ.’ तो उठला, कारण सरांनी सांगितले होते. वीस-पंचवीस पावले गेला आणि कोसळला. मग आपल्याकडे नेहमी जे होते ते सगळे झाले. एकाने शुद्धीवर नसलेल्या मुलाच्या तोंडात बाटलीने पाणी ओतले, दुसऱ्याने आकडी समजून नाकाला चप्पल लावली, तिसरा तळपाय चोळत बसला आणि मी गाडी शोधत रस्त्यावर धावत होतो. चार दिवसांनी तो मुलगा चालत घरी गेला, ते त्याचे आणि माझे नशीब. दवाखान्यातले डॉक्टर माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, ‘सर, इथे आणेपर्यंत याला गार का नाही केले?’

या प्रश्नाचे उत्तर मी नंतरच्या काही वर्षांत शिकलो. उष्माघातात कातडी कोरडी पडते असे आपण ऐकत आलेलो असतो, पण पळताना उष्माघात झालेल्या मुलाला भरपूर घाम येत असू शकतो. खरी खूण डोक्याची असते. मुलगा बरळतो, चिडतो, त्याला दिशा कळत नाही, पाय वाकडे पडतात. तोवर शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते आणि काखेत लावलेला थर्मामीटर ते दाखवेलच असे नाही. पहिल्या अर्ध्या तासात शरीर गार केले तर बहुतेक जण वाचतात, म्हणून क्रीडावैद्यकाचा नियम असा आहे की आधी गार करायचे आणि मग हलवायचे. आम्ही नेमके उलटे केले होते.

गार करण्यासाठी मोठ्या स्पर्धांत बर्फाच्या पाण्याचे टब ठेवतात. आपल्या मैदानावर टब नसेल, पण ताडपत्री नाही असे शेतकऱ्याचे घर मराठवाड्यात शोधून सापडणार नाही. चार-पाच जणांनी ताडपत्रीची टोके धरून झोळी करायची, मुलाला तीत निजवायचे, त्याचे डोके पाण्याच्या वर धरायचे, जारचे गार पाणी आणि समोरच्या रसवंतीवरचा बर्फ आत टाकायचा आणि झोळी हलवत राहायची. ही माझ्या डोक्यातून निघालेली युक्ती नाही. क्रीडावैद्यकात मान्य झालेली पद्धत आहे. टँकरच्या दिवसांत एवढे पाणी आणायचे कुठून, असे एका सहकाऱ्याने मला विचारले होते. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे माझ्यापाशी एकच उत्तर आहे: ज्या दिवशी मैदानावर पाणी नाही, त्या दिवशी पळणे नाही.

हृदय बंद पडले तर अर्धा तासही मिळत नाही. छाती दाबली नाही आणि विजेचा झटका देणारे यंत्र मिळाले नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. आमच्या मैदानापर्यंत १०८ ची गाडी सगळे सुरळीत असले तरी पंधरा-वीस मिनिटांच्या आत येऊ शकत नाही, आणि यात गाडीवाल्यांचा काही दोष नाही, रस्ताच तेवढा आहे. म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत जे काही होईल ते प्रशिक्षकाच्या दोन हातांनी होईल, नाहीतर होणार नाही. छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाच्या बाबतीत निदान ५ सेंटिमीटर खोल दाबायचे असते. ज्यांना तोंडाने श्वास देणे जमत नाही अशा सामान्य लोकांसाठी आपल्या देशातल्या भूलतज्ज्ञांनी केवळ छाती दाबण्याची पद्धतही तयार केलेली आहे. मला मात्र सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शिकवली ती एका परिचारिकेने. हृदय थांबलेला माणूस सुरुवातीला अधूनमधून घोरल्यासारखा, आचके दिल्यासारखा श्वास घेतो, कधी हातपाय झटकतो, आणि बघणाऱ्यांना वाटते की श्वास चालू आहे, आकडी आली आहे. त्या गैरसमजात मिनिटे जातात.

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगनला युरो स्पर्धेच्या सामन्यात डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन असाच कोसळला होता. रेफरीने लगेच खेळ थांबवून मदत बोलावली, मैदानावरच छाती दाबणे सुरू झाले, झटका दिला गेला, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळला. आपल्याकडे ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरमध्ये फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पो संघाचा ब्राझिलियन खेळाडू ख्रिस्तियानो ज्युनियर गोल करताना गोलरक्षकावर आदळून कोसळला आणि वाचला नाही. त्या दिवशीच्या मैदानावरील वैद्यकीय सोयींवर देशभर टीका झाली. ती राष्ट्रीय स्पर्धा होती. मग ज्या तालुका मैदानावर पहाटे पाच वाजता चाळीस मुले आणि एक सर एवढेच असतात, तिथले काय?

‘आम्ही डॉक्टर नाही’ हे उत्तर मी स्वतः अनेक वर्षे दिलेले आहे, त्यामुळे ते पोकळ का आहे हे मला चांगले ठाऊक आहे. वाटेने जाणाऱ्या माणसाची आणि प्रशिक्षकाची जबाबदारी सारखी नसते. दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत दुखले, तर कोणीही माणूस आपोआप थांबतो. आमच्याकडे आलेला मुलगा थांबत नाही, कारण शरीराचे ऐकू नकोस, माझी शिट्टी ऐक, हेच तर आम्ही त्याला महिनोन्‌महिने शिकवत असतो. त्याची थांबण्याची बुद्धी आम्ही आमच्याकडे घेतलेली असते. ती घेतल्यावर तो पडेल तेव्हा काय करायचे हे आम्हाला माहीत नसेल, तर तो विश्वासघात आहे, आणि कायदा त्याला काय म्हणतो हा प्रश्न नंतरचा.

‘आम्ही असेच उन्हातान्हात घडलो’ हे दुसरे उत्तर. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात असताना सियाचीनच्या थंडीत राहिला, राजस्थानच्या उन्हात राहिला, आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, त्याने रौप्यपदक मिळवले. त्याचे नाव मीही रोज मुलांपुढे घेतो. पण जे घडले त्यांचीच नावे आपल्याला पाठ असतात. जे मध्येच पडले, त्यांच्या घरी ‘पोराला आधीपासूनच काहीतरी असेल’ असे म्हणून विषय मिटवला जातो.

कुस्तीच्या तालमींबद्दल थोडे लिहितो, कारण आमच्या भागात वस्तादाचा शब्द बापाच्या शब्दापेक्षा जड असतो. वजनगटात बसण्यासाठी आदल्या दिवशी पाणी बंद करणे, उन्हात जाड स्वेटर घालून पळवणे, हे सर्रास चालते आणि त्याला जिद्द म्हणतात. १९९७ साली अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीत सहा आठवड्यांच्या आत तीन मल्ल अशाच पद्धतीने वजन उतरवताना मरण पावले, आणि त्यानंतर तिथले वजनाचे नियम बदलले गेले. आपल्याकडे नियम बदलेपर्यंत वाट पाहण्याची गरज नाही. वस्तादाने ‘हे आता बंद’ एवढे एक वाक्य बोलले तरी पुरे आहे. मान दुखावलेल्या मल्लाला ताडकन उठवून उभे करण्याची सवयही त्याच वाक्यात मोडता येईल.

आता आमच्या मैदानावर काय आहे ते सांगतो. फाटकाची दुसरी किल्ली माझ्याकडे असते, कारण पहाटे कुलूप असते आणि चौकीदार घरी असतो. १०८ ला कोण फोन करणार, फाट्यावर उभे राहून गाडीला वाट कोण दाखवणार, छाती दाबायला पहिला कोण आणि दमल्यावर दुसरा कोण, हे दर महिन्याला ठरवून एकदा करून बघतो. मुले हसतात, हसू द्यावे. झटक्याचे यंत्र आमच्याकडे नाही. ते स्वस्त नाही, आणि पालकांकडून त्यासाठी पैसे गोळा करावेत की नगरपालिकेच्या मागे लागावे, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. शिक्षा म्हणून पळवणे मात्र मी त्या मे महिन्यापासून बंद केले, त्याला पैसे लागले नाहीत.

सगळ्यात अवघड काम प्रवेशाच्या कागदावर आहे. त्यावर मी तीन प्रश्न घातले आहेत: घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेले आहे का, पळताना कधी शुद्ध हरपली आहे का, आणि आकडी, दमा किंवा सिकलसेल यांपैकी काही आहे का. मुले खरे सांगत नाहीत. सांगितले तर सर काढून टाकतील, गावात कळेल, भरतीचे स्वप्न संपेल, अशी त्यांना भीती असते, आणि ती पूर्णपणे खोटी आहे असे मी म्हणू शकत नाही, कारण काहींना मला खरोखरच ‘आधी हृदयाची तपासणी करून ये, तोवर पळू नकोस’ असे सांगावे लागते. बहुतेक कागदांवर तिन्ही प्रश्नांपुढे ‘नाही’ असेच लिहून येते. तरीही आठवडाभराने मी प्रत्येकाला एकट्याने बाजूला घेऊन पुन्हा विचारतो, आणि गेल्या महिन्यात एका मुलाने बराच वेळ बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली आणि मग दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बदलले.