बायपासवर वनराई उभारू पाहणाऱ्यांस

बायपासच्या कडेला चार-पाच एकर काळी जमीन हाताशी आहे आणि तिच्यावर सामायिक बागांचं, पर्यावरणस्नेही फ्लॅटांचं संकुल उभारायचं तुम्ही मनावर घेतलंय, तर उशीर कशाला? इंदूर तुमच्यासारख्या निसर्गप्रेमीची वाटच बघत होतं. आधी जमिनीवरची चिंच आणि दोन कडुनिंब काढून टाका. ही झाडं नेमकी रॅम्पच्या तोंडाशी येतात. मग दोन मजली बेसमेंट खणा, निघालेली माती डंपरवाल्याला द्या आणि दोन वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या शेतातली तशीच माती विकत आणून पोडियमच्या, म्हणजे बेसमेंटच्या छताच्या, स्लॅबवर दीड फूट पसरा. झाली बाग.

दीड फुटात झाड तग धरत नाही, असं माळी म्हणेल. त्याचं बरोबर आहे. सावली देणाऱ्या झाडाला निदान चार-पाच फूट माती हवी, आणि ओली माती घनमीटरला दोन टनांच्या आसपास भरते. म्हणजे स्लॅब जाड, बीम खोल आणि खर्च वर. त्यापेक्षा लॉन लावा. ड्रोनने फोटो लॉनचाच छान येतो. कडेला पामची रांग लावा. पामची सावली कुणाच्या डोक्यावर पडेल अशी नसते, त्यामुळे खाली बसून कोणी शेंगांची टरफलं टाकत नाही.

हजार चौरस मीटर लॉन मे महिन्यात दिवसाला पाच हजार लिटर पाणी सहज पितं. घाबरू नका, नर्मदामाई आहे! ७० किलोमीटरवरच्या जलूदहून, पंपांच्या जोरावर विंध्याचा चढ चढून ती १९७८ पासून इंदूरला येतेय. आणखी एक पोडियम चढायला तिला काय जड आहे? गच्चीवरच्या पावसाचा हिशेब मात्र मांडू नका. मांडलात तर ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर, ९०० मिलिमीटर पाऊस धरला तरी, साडेचार लाख लिटर निघतील आणि उगाच टाकी बांधावीशी वाटेल. नियमापुरता एक खड्डा घ्या, त्यात विटांचे तुकडे टाका, फोटो काढा आणि पाइप बाजूने नाल्यात सोडा. गावातल्या कान्ह नदीलाही कधी स्वच्छ पाणी मिळू दे.

माळव्यातल्या रात्री थंड, त्यांचं कौतुक तुमच्या माहितीपत्रकात उर्दू शेरासकट येईलच. ती थंड हवा घरात शिरून मुक्कामाला राहू नये म्हणून प्रत्येक फ्लॅटला एकाच बाजूने खिडक्या ठेवा. पश्चिमेला छताला भिडणारी काच, तिच्यावर छज्जा नको. मग पाच ताऱ्यांचा एसी लावून विजेची बचत करा.

कचऱ्याच्या बाबतीत इथे धोका आहे. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या या गावाला ओला-सुका वेगळा करायची खरोखरच सवय लागलीय. एखादे निवृत्त आजोबा मीटिंगमध्ये उठून अल्बर्ट हॉवर्ड काढतील. हा गोरा शेतीशास्त्रज्ञ साहेब १९२४ ते १९३१ इथे होता, आजचं कृषी महाविद्यालय आहे त्या आवारात. पालापाचोळा, शेण, माती, राख यांचे थर रचायचे, ठरल्या वेळी वरखाली करायचे आणि तीनेक महिन्यांत खत तयार, ही रीत त्याने इथल्या शेतकऱ्यांकडे बघत बसवली. ती जगभर इंदूरच्या नावाने चालते. आजोबांचं बोलणं शांतपणे ऐकून घ्या आणि म्हणा, 'काका, वास येतो.' शिवाय दोन पामच्या झावळ्यांचं खत ते किती होणार! लॉनसाठी खताच्या गोण्या बाहेरून मागवा.

आता सामायिक जागा. तुमचा आर्किटेक्ट नुकताच शिकून आला असेल तर तो तुम्हाला अरण्य दाखवायला नेईल. जाऊ नका. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी आखलेली ही वसाहत १९८९ची, मुख्यतः गरिबांसाठी. जोतं, न्हाणी-संडास, पाण्याची सोय एवढं द्यायचं, बाकी घर ज्याने त्याने सवडीने बांधायचं. घरापुढे ओटा, रस्त्यावरून वर जाणारा जिना, मागे काही घरांत मिळून चौक. १९९५ साली तिला आगाखान पुरस्कारही मिळाला. मिळू दे. ओट्याला चौरस फुटाचा भाव लावता येत नाही, आणि आपल्या जुन्या वाड्यांसारखी तिथेही माणसं बसतात, तांदूळ निवडतात, एकमेकांची चौकशी करतात. असली गर्दी सॅम्पल फ्लॅटच्या आसपास दिसली तर गिऱ्हाईक गेटवरूनच परत जाईल.

तुम्ही क्लबहाऊस बांधा. सोफ्यांवरचं प्लास्टिक काढू नका, दाराला अंगठ्याने उघडणारं यंत्र बसवा. हळदीकुंकवासाठी हॉल हवा असेल तर आठ दिवस आधी अर्ज, डिपॉझिट, आणि गालिच्यावर हलवा सांडणार नाही अशी लेखी हमी.

गच्चीचं तेवढं जपा. मार्च सरला की मराठी घरांतल्या काकू गव्हाच्या चिकाचं पातेलं फडक्याने धरून, बगलेत प्लास्टिकचा कागद आणि हातात सोऱ्या घेऊन लिफ्टने वर येतील. कुलूप बघून थांबतील. गार्डला एवढंच शिकवून ठेवा: 'आंटीजी, ऊपर सोलर लगा है.' पॅनेल चारच आहेत आणि त्यांच्यावर लॉबीतले दिवे तेवढे लागतात, हे त्याला माहीत असायचं कारण नाही. काकू लिफ्टने खाली जातील, चीक निवून घट्ट होईल आणि पुढच्या वर्षी त्या कुरडया बाजारातून आणतील.

इतकं करूनही कंत्राटदार एक घोळ घालून ठेवतोच. गेटबाहेर, ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाला लागून, त्याने गुडघाभर उंचीचा एक कठडा सोडलेला असतो. पलीकडच्या प्लॉटवरचा कडुनिंब नेमका त्याच्यावर झुकलेला. संध्याकाळी भाजीची गाडी तिथे थांबते. आधी दोन बायका टेकतात, मग हॉवर्डवाले आजोबा, मग कुणीतरी सेव-परमलची, म्हणजे शेव-मुरमुऱ्यांची, पिशवी उघडतं, पोरं कुंपणाला स्टंप काढतात. पंधरा दिवसांत बी विंगला सी विंगची नावं माहीत होतात आणि मेंटेनन्सचे पैसे जातात कुठे, याची चर्चा सुरू होते. हे लगेच थांबवा. कठड्यावर निवडुंगाच्या कुंड्या ओळीने सिमेंटमध्ये पक्क्या करून टाका. निवडुंगाला पाणीही कमी लागतं. माहितीपत्रकाच्या पुढच्या आवृत्तीत 'जलसंवर्धन' या मथळ्याखाली त्याच कुंड्यांचा फोटो छापता येईल.