‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणणाऱ्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

स्तन मोठे करण्याच्या शस्त्रक्रियेवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आहे: “हे श्रीमंतांचे चोचले. मैत्रिणीला चार शब्द सुनवायचे सोडून तुम्ही तिच्यासोबत डॉक्टरकडे गेलात, वर वाचकांना प्रश्नांची यादी दिलीत. ही जाहिरातच झाली.” उत्तर जरा लांबणार आहे.

आधी चोचल्यांचं. 2018 मध्ये चेन्नईच्या सरकारी स्टॅन्ली मेडिकल कॉलेजात ही शस्त्रक्रिया मोफत करून द्यायची सोय झाली, तेव्हाही ‘सरकारी पैसा यावर कशाला’ म्हणून ओरड झालीच. श्रीमंत बाईनं केलं की चोचले, गरीब बाईनं केलं की उधळपट्टी. मग करावं तरी कुणी?

चार शब्द सुनवायला मैत्रिणीच्या घरी माणसं कमी नाहीत. त्यात माझी भर कशाला? तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनी तिला ब्रामध्ये ठेवून बघायला सायझर, म्हणजे आकाराचा अंदाज देणारे नमुने, दिले, वरून तिचाच रोजचा कुर्ता. हात वर करून बघा, वाकून बघा, ओढणी घेऊन बघा. आरशासमोरून ती बराच वेळ हललीच नाही. मग वळून तिनं विचारलं, “हे पुन्हा कधी बदलावं लागतं?”

त्या दिवशीचा खरा प्रश्न हाच होता, आणि माझा निम्मा लेख त्यावरच आहे. पस्तिशीत बसवलेलं इम्प्लांट, म्हणजे स्तन मोठा दिसावा म्हणून आत घालतात ती पिशवी, सत्तरीपर्यंत टिकेलच असं धरून चालता येत नाही. सिलिकॉनचं आतल्या आत फुटलं तर बाहेरून कळतंच असं नाही; म्हणून अमेरिकेची एफडीए, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, सांगते की पाच-सहा वर्षांनी पहिला एमआरआय किंवा सोनोग्राफी करा, पुढे दर दोन-तीन वर्षांनी. शरीर इम्प्लांटभोवती स्वतःचं आवरण तयार करतं. काहीजणींमध्ये ते आवळत जातं, स्तन कडक होतो, दुखतो, आणि पुन्हा ऑपरेशन टेबल. पॅकेजच्या आकड्यात यातलं काही धरलेलं नसतं आणि निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला विमाही सहसा मिळत नाही. हे ऐकून एखादी मागे फिरेल, एखादी वर्षभर पैसे साठवून मग जाईल. ‘देवानं दिलं ते गोड मानावं’ एवढंच ऐकलेली मात्र कुणाला न सांगता, सगळ्यात स्वस्त जाहिरात बघून जाते.

‘यात धंदा आहे’ या तुमच्या वाक्याशी मात्र माझा वाद नाही. फ्रान्समधली पीआयपी ही कंपनी औद्योगिक वापराचं सिलिकॉन भरून इम्प्लांट विकत होती. 2010 मध्ये ते उघडकीस आलं, 2013 मध्ये मालकाला तुरुंगवासाची शिक्षा झाली. 2019 मध्ये ॲलर्गननं खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांटं जगभरातून परत घेतली, कारण त्यांच्याशी लिम्फोमा नावाच्या कर्करोगाच्या एका दुर्मिळ प्रकाराचा संबंध दिसला होता. म्हणूनच यादीत आहे: पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत? कंपनी कोणती? अनुक्रमांकाचं कार्ड हातात मिळणार का? डॉक्टरांकडे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का? जाहिरात करणारी बाई गिऱ्हाइकाला एवढं विचारायला शिकवेल का, तुम्हीच सांगा.

आणि हो, मैत्रिणीनं शेवटी काय ठरवलं, असंही तुम्ही विचारलंत. ते सांगणार नाही. त्या खोलीत जे झालं तेवढंच लिहायची परवानगी तिनं दिली आहे.