म्हणे, जपान-जर्मनीने कुणापुढे हात पसरला नाही!

दुसऱ्या महायुद्धात जपान आणि जर्मनी बेचिराख झाले, पण त्यांनी कुणापुढे हात पसरला नाही. शून्यातून सुरुवात केली. तिथला कामगार संपावर गेला तरी काळी फीत लावून उलट जास्त काम करतो. शिस्त आणि देशप्रेम एवढ्याच भांडवलावर दोघांनी वीस वर्षांत जगाला मागे टाकलं. अशा अर्थाचा मजकूर व्हॉट्सॲपवर किती वर्षं फिरतोय, देव जाणे. पाठवणारे बदलतात, शेवटचा टोमणा बदलतो, मजकूर तोच.

त्यातलं वीस वर्षांचं गणित साधारण बरोबर आहे. साठचं दशक संपता संपता जपानने पश्चिम जर्मनीला मागे टाकलं आणि साम्यवादी नसलेल्या जगात अमेरिकेखालोखाल दुसरी मोठी अर्थव्यवस्था झाला. हे घडलं कसं, याबद्दल मात्र मजकुरातलं जवळपास प्रत्येक वाक्य तपासायला हवं.

आधी हात पसरण्याचं. 1946 ते 1951 या काळात अमेरिकेने जपानला सुमारे 1.8 अब्ज डॉलरची मदत दिली. त्यात अन्नधान्य होतं, खत होतं, औषधं होती, आणि बराच भाग परत न करण्याच्या बोलीवर होता. पश्चिम जर्मनीला मार्शल योजनेतून, म्हणजे युद्धानंतर युरोप उभारायला अमेरिकेने दिलेल्या मदतीतून, सुमारे 1.4 अब्ज डॉलर मिळाले. आता कुणी म्हणेल, ब्रिटनला तर याच योजनेतून 3.2 अब्ज मिळाले, मग ब्रिटन का नाही धावला? प्रश्न रास्त आहे. नुसत्या मार्शलच्या पैशाने जर्मनी उभा राहिला असं म्हणणंही तितकंच भाबडं. जर्मनीला खरा हात मिळाला तो 1953 साली लंडनमध्ये. फेब्रुवारीत झालेल्या कर्जकरारात पहिल्या महायुद्धानंतरची थकलेली आणि दुसऱ्यानंतरची नवी, अशी दोन्ही देणी एकत्र मांडली गेली आणि जवळपास निम्मी माफ झाली. उरलेली फेडायची तीही निर्यातीतून झेपेल तशी, लांबच्या मुदतीने. युद्धाच्या नुकसानभरपाईचा मोठा प्रश्न तर पुढे कधीतरी बघू म्हणून बाजूलाच ठेवला. सह्या करणाऱ्या धनको देशांत ग्रीससुद्धा होता. जर्मन ताब्यात असताना 1941-42 च्या हिवाळ्यात जिथे माणसं रस्त्यावर भुकेने मेली, तोच ग्रीस. पहिल्या महायुद्धानंतरच्या जुन्या कर्जरोख्यांवरच्या व्याजाचा शेवटचा हप्ता जर्मनीने 3 ऑक्टोबर 2010 ला भरला. म्हणजे पहिल्या महायुद्धाचा हिशेब मिटायला एकविसावं शतक उजाडलं.

जपानचं उदाहरण आणखी मजेशीर आहे, कारण हा मजकूर बहुतेक वेळा बुलेट ट्रेनच्या फोटोसकट येतो. टोकियो-ओसाका शिन्कान्सेनसाठी जपानने 1961 साली जागतिक बँकेकडून 8 कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. 1964 च्या ऑक्टोबरात गाडी धावली. 1953 पासून 1966 पर्यंत जपानने या बँकेकडून एकूण 31 कर्जं घेतली. धरणं, पोलाद कारखाने, महामार्ग, सगळ्यांसाठी. एका टप्प्यावर तो भारताखालोखाल बँकेचा दुसरा मोठा ऋणको होता. शेवटचा हप्ता फिटला 1990 साली. कर्ज काढणं ही काही लाजेची गोष्ट नाही, वेळेवर फेडलं हे तर कौतुकाचंच. पण मग 'कुणाकडे मागितलं नाही' हे वाक्य कशाला?

'शून्यातून' या दाव्याचं थोडक्यात. बॉम्बहल्ल्यांनी घरं, पूल, रेल्वे यांची राखरांगोळी केली. यंत्रं मात्र वाटतं त्यापेक्षा जास्त वाचली. 1945 मध्ये पश्चिम जर्मनीच्या भागातली औद्योगिक यंत्रसामग्री 1936 पेक्षा जास्तच होती, कारण मधल्या काळात युद्धासाठी कारखाने वाढवले गेले होते. आणि माणसं? इंजिनिअर, फिटर, रसायनतज्ज्ञ, सगळे शिकलेले. शिन्कान्सेनच्या तंत्रज्ञांत पूर्वी नौदलाची विमानं घडवलेले लोक होते. याला शून्य म्हणत नाहीत.

आता काळी फीत. याच दाव्याची एक आवृत्ती अशी की जपानी बूट कारखान्यातले कामगार संपात फक्त डाव्या पायाचे बूट बनवतात. म्हणजे काम थांबत नाही, पण माल विकताही येत नाही. ऐकायला झकास. जपानी कामगार मागण्यांसाठी फिती लावायचे, एवढं खरं. फितीपुढे काय व्हायचं ते मात्र गळतं. 1 फेब्रुवारी 1947 ला देशभर सार्वत्रिक संप होणार होता, तो आदल्या दिवशी जपानचा ताबा सांभाळणाऱ्या अमेरिकन सेनानी मॅकआर्थरने बंदी घालून थांबवला. 1948 मध्ये तोहो फिल्म कंपनीचा स्टुडिओ संपकऱ्यांनी ताब्यात घेतला, तेव्हा त्यांना बाहेर काढायला जपानी पोलिसांच्या पाठीशी अमेरिकन रणगाडे आणि विमानं आली. 1953 ला निस्सानमध्ये महिनोन् महिने संप आणि टाळेबंदी. 1960 साली मिईके कोळसा खाणीत बाराशेच्या वर कामगारांना काढायचं ठरलं आणि जानेवारीपासून जवळपास वर्षभर तिथे लढाई चालली. मार्चमध्ये एका खाणकामगाराला गुंडांनी भोसकून मारलं. तिथे डाव्या पायाचे बूट कुणी शिवत नव्हतं.

टोयोटाचं 1950 हे साल तर जवळून बघण्यासारखं आहे. कंपनी बुडायच्या बेतात होती. महागाई मोडण्यासाठी अमेरिकन सल्ल्याने आखलेल्या काटकसरीच्या धोरणामुळे बाजारात पैसाच नव्हता. बँकांनी कर्ज दिलं ते कामगारकपातीच्या अटीवर. मग संप. जूनच्या सुरुवातीला संस्थापक किइचिरो तोयोदा यांनी राजीनामा दिला, दोन हजारांच्या आसपास माणसं बाहेर पडली. आणि 25 जूनला कोरियात युद्ध पेटलं. जुलैत अमेरिकन सैन्याची हजार ट्रकची ऑर्डर आली, पाठोपाठ आणखी आल्या. काही महिन्यांत साडेचार हजारांहून जास्त ट्रक. राजीनामा आणि पहिली ऑर्डर यांत दोन महिनेही गेले नाहीत. ही शिस्तीची फळं म्हणायची की शेजारच्या घरातल्या आगीची? कोरियात लाखो माणसं मेली, आणि त्या युद्धाच्या खरेदीवर जपानचे कारखाने पुन्हा सुरू झाले.

शिस्तीबद्दलच बोलायचं तर 1947 मधला टोकियोचा एक न्यायाधीश आठवावा. योशितादा यामागुची, वय 33. काळ्या बाजारातून धान्य घेतल्याचे खटले त्याच्यासमोर चालायचे. दुसऱ्यांना ज्या गुन्ह्यासाठी शिक्षा करायची तो आपण करायचा नाही, म्हणून तो फक्त रेशनवर राहिला, त्यातलंही बरंचसं बायको-मुलांना दिलं. ऑक्टोबरमध्ये तो कुपोषणाने गेला. नियम पाळणारा मेला; जे जगले त्यांनी जवळपास सगळ्यांनीच नियम मोडले. जर्मनीत काय वेगळं होतं? 1946 च्या 31 डिसेंबरला कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्ज यांनी प्रवचनात सांगितलं की जीव वाचवण्यासाठी लागणारी वस्तू कष्ट करून किंवा मागून मिळत नसेल, तर ती घेता येईल. त्या हिवाळ्यात लोक रेल्वेच्या वाघिणींतून कोळसा उतरवत होते. सिगारेट हेच चलन होतं. 20 जून 1948 ला पश्चिमेत मार्क हे नवं चलन आलं, माणशी 40 मार्क हातात पडले, आणि दुसऱ्या दिवशी दुकानांच्या रिकाम्या काचांमागे माल दिसायला लागला. एका रात्रीत तो बनला नव्हता. दडवून ठेवलेला होता.

आणि मजकुरातला जर्मनी नेमका कोणता? जर्मनी दोन होते, पूर्व आणि पश्चिम. भाषा, शाळा, शिस्त, सगळं एकच. पूर्वेकडून सोव्हिएत संघाने कारखाने उचकटून नेले, रेल्वेमार्गाचा दुसरा रूळही कित्येक ठिकाणी उखडून नेला. मार्शल योजनेचा पैसा नाही, कर्जमाफीचा करार नाही, शिवाय साम्यवादी पक्षाने चालवलेली अर्थव्यवस्था. पश्चिमेत रेशनकार्ड 1950 मध्ये गेलं, पूर्वेत 1958 मध्ये. 1949 ते 1961 या काळात 25 लाखांहून जास्त लोक पूर्वेतून पळून गेले, तेव्हा बर्लिनमध्ये भिंत घालावी लागली. शिस्तीचा सिद्धांत खरा असता तर पूर्वेचं ड्रेस्डेन आणि पश्चिमेचं स्टुटगार्ट बरोबरीने धावायला हवे होते. पश्चिमेला तर हे कष्टाळू हातही पुरेनात. 1955 ला इटलीशी, 1961 ला तुर्कस्तानशी मजूर आणण्याचे करार झाले. दहा लाखावा पाहुणा कामगार, एक पोर्तुगीज सुतार, 1964 मध्ये कोलोनच्या स्टेशनवर उतरला तेव्हा त्याला मोपेड भेट देऊन स्वागत केलं.

आता असाच बेचिराख झालेला पोलंड बघा. युद्धात सुमारे 60 लाख नागरिक मेले, वॉर्सा जवळपास पूर्ण उद्ध्वस्त. शहर पुन्हा बांधलं त्यांनी. पण मॉस्कोच्या दबावाखाली 1947 मध्ये मार्शल योजना नाकारावी लागली. पोलिश माणूस आळशी होता, असं कुणी म्हणणार आहे का?

शेवटचा मुद्दा क्वचित येतो, पण येतो: जेत्यांनी लुबाडूनही जपान उभा राहिला. जपानशी झालेल्या 1951 च्या सॅन फ्रान्सिस्को शांतता तहातच लिहिलं होतं की पूर्ण भरपाई देण्याची जपानची ऐपत नाही. ब्रह्मदेश, फिलिपिन्स, इंडोनेशिया यांना पुढे जी भरपाई मिळाली ती मुख्यतः जपानी माल आणि जपानी सेवांच्या रूपात, म्हणजे जहाजं, यंत्रं, तंत्रज्ञ. त्या देशांची बाजारपेठ जपानी कंपन्यांना तिथूनच उघडली. भारत त्या तहात सामील झाला नाही. 9 जून 1952 ला त्याने जपानशी स्वतंत्र तह केला आणि त्यात आपला भरपाईचा हक्क सोडून दिला.