आईची सही चालते तोवर

बडोद्यातल्या मराठी घरात आजी विसरायला लागली की पहिली दोन वर्षं एक शब्द कुणी उच्चारत नाही, तो म्हणजे ‘होम’. आणि एक शब्द सगळ्यांच्या मनात असतो, ‘टाकलं’. ‘मुलगा लंडनला, आईला आश्रमात टाकलं’ हे वाक्य कुणी तोंडावर म्हणत नाही, पण पुढच्या लग्नामुंजीत ते मागून ऐकू येणार हे मुलाला, मुलीला, सुनेला पक्कं ठाऊक असतं. इकडे इंग्लंडात ऑफिसातली माणसं नेमकं उलट विचारतात: एवढी ओढाताण होतेय तर चांगल्या होममध्ये का ठेवत नाही? दोन्हीकडे वाद जागेचाच, घर की संस्था. मला त्याहून मोठं नुकसान वेगळ्या ठिकाणी दिसतं. ‘टाकलं’ या शब्दाच्या धाकाने निर्णय लांबत जातो आणि तोवर आईच्या सहीची कायदेशीर किंमत संपून जाते.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. इंग्लंड-वेल्समध्ये २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याखाली माणूस समजत-उमजत असतानाच ‘लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नी’, म्हणजे टिकाऊ मुखत्यारपत्र, करून ठेवतो. पैसा आणि मालमत्तेसाठी एक, प्रकृती आणि देखभालीसाठी दुसरं. दोन्हींची नोंदणी होते आणि पुढे स्मरण गेलं तरी ती चालतात. त्यासाठीच ती असतात. आपल्याकडचं साधं मुखत्यारपत्र याच्या उलट वागतं. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मनाने असमर्थ झाली की मुखत्यारी आपोआप संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निकामी होतो. ‘आईकडून पॉवर घेऊन ठेवलीय’ म्हणून निर्धास्त बसलेली कितीतरी भावंडं आहेत. मग बँकेतला एखादा जाणकार अधिकारी स्मृतिभ्रंशाच्या निदानाचा कागद बघतो आणि व्यवहार थांबवतो. त्याची चूक नसते.

त्यानंतर उरतो उच्च न्यायालयाचा रस्ता. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली न्यायालयांनी अशा रुग्णांसाठी कायदेशीर पालक (गार्डियन) नेमलेले आहेत. पण त्यासाठी वैद्यकीय तपासणी, सगळ्या वारसांची संमती, मालमत्तेची यादी हे सगळं लागतं, महिने जातात, आणि तेवढ्या महिन्यांची होमची फी कुणीतरी खिशातून भरतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमता येतो, पण त्याच्या यादीत स्मृतिभ्रंश नाही.

म्हणून निदान लवकर झालं असेल, आई अजून ‘हे घर माझं, हा मुलगा, ही मुलगी’ नीट सांगत असेल, तर त्याच महिन्यात कागद करावेत. बचत खातं आणि ठेवी बडोद्यात राहणाऱ्या माणसाबरोबर संयुक्त करायच्या, दोघांपैकी कुणाचीही सही चालेल अशा. पेन्शनच्या खात्याचे नियम वेगळे असतात, ते बँकेत आधी विचारावेत. मृत्युपत्र करायचं तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं क्षमतेचं प्रमाणपत्र सोबत जोडावं, नाहीतर पुढे भांडणाला तेच निमित्त होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमता येतो, साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून. तो फक्त मानसिक आजाराच्या उपचारांपुरता चालतो, घर-पैशाला नाही. पण अशा उपचारांत ‘निर्णय कोण घेणार’ या प्रश्नाला उत्तर तयार असतं. व्हेंटिलेटर नको असेल तर तेही आईने स्वतः लिहून ठेवायचं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ती पद्धत सोपी केली आहे. दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतो.

‘मग तिकडेच घेऊन जा ना’ हा सल्ला देणाऱ्यांना बहुधा माहीत नसतं की ब्रिटनने परावलंबी आईवडिलांच्या व्हिसाची दारं जुलै २०१२ पासून जवळजवळ मिटली आहेत. हवी ती देखभाल मायदेशी मिळतच नाही किंवा परवडतच नाही, हे सिद्ध करावं लागतं. बडोद्यात पैसे देऊन आया मिळते, एवढ्यावरच बहुतेक अर्ज अडतात. आणि ‘तिकडे सरकार बघतं’ हेही अर्धसत्य. इंग्लंडात २३,२५० पौंडांपेक्षा जास्त मालमत्ता असेल तर होमचा खर्च स्वतःचा, आणि जोडीदार घरात राहत नसेल तर राहतं घरही सहसा त्या हिशोबात धरलं जातं.

‘टाकणं’ म्हणजे काय हे आपल्या कायद्याने सांगून ठेवलंय. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २४ नुसार, कायमचं सोडून देण्याच्या हेतूने कुठेतरी ठेवून येणं हा गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जिथे फी जाते, माणसं भेटतात, वजनाची नोंद विचारली जाते, तिथे हा शब्द वापरणं चूक आहे. उलट दांडिया बाजारच्या वाड्यात वरच्या मजल्यावर, उभ्या लाकडी जिन्याच्या टोकाला, आया पुरवणाऱ्या ब्यूरोने पाठवलेल्या आणि दर महिन्याला बदलणाऱ्या आयाच्या हवाली आईला करणं, आणि ‘घरीच आहे’ म्हणून समाधान मानणं, हे मला जास्त काळजीचं वाटतं.

होम बघायला जाताना बाग, टीव्ही, देवघर सगळेच दाखवतात. विचारायचं ते वेगळं. रात्री दोन वाजता किती माणसं जागी असतात, आणि किती रुग्णांमागे? ‘एक बेन आहे’ असं उत्तर आलं तर ती झोपते का, हे पुढे विचारा. इंग्लंडात होमची तपासणी होऊन श्रेणी जाहीर होते, कुणीही वाचू शकतं. इथे वाचायला असं काही नाही, म्हणून बडोद्यातल्या नातेवाइकाने न सांगता तीन वेळा जायचं: सकाळी आंघोळीच्या वेळी, संध्याकाळी सात वाजता आणि रविवारी. आणि बडोद्यापुरता एक प्रश्न चुकवू नका: ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी इथे कुठपर्यंत आलं होतं? अंथरुणाला खिळलेला माणूस तळमजल्यावरून वर कसा नेला, जनरेटर किती तास चालला, औषधं किती दिवसांची होती? ज्यांनी ते दिवस निभावले ते तपशिलात सांगतात.

करारात फीच्या बाहेर काय हे लिहून घ्या. डायपर, औषधं, डॉक्टरांची भेट, आणि मुख्य म्हणजे रुग्णालयात भरती केलं तर शेजारी कोण बसणार. आपल्याकडे रुग्णालयाला घरचं माणूस हवंच असतं. होमची बाई तिथे येणार नसेल तर ते आधीच ठरलेलं बरं. सत्तरीपुढच्या सगळ्यांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात भरती झाल्यावरचं, होमच्या फीसाठी नाही. आणि हयातीचा दाखला लक्षात ठेवा, नोव्हेंबरात. केंद्राच्या पेन्शनरांना ऐंशीनंतर ऑक्टोबरपासूनच देता येतो. म्हातारपणी बोटांचे ठसे उमटत नाहीत, तेव्हा फोनवर चेहऱ्याने दाखला काढता येतो. तो सकाळी काढावा, संध्याकाळी आई कॅमेऱ्याकडे बघणार नाही.

आता भाषा. बडोद्यातल्या मराठी म्हातारीसाठी मला हीच सर्वांत मोठी गोष्ट वाटते आणि हिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. आयुष्यभर भाजीवाल्याशी, शेजारणीशी अस्खलित गुजराती बोललेली बाई स्मृतिभ्रंश वाढला की हळूहळू माहेरच्या मराठीत परतते. नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी निसटते. होममधल्या आया मात्र बऱ्याचदा छोटा उदेपूर, दाहोद, पंचमहालकडच्या असतात. आई ‘तहान लागली’ म्हणते, त्यांच्या कानाला ‘तरस’ हवी. आई ‘जळजळतंय’ म्हणते. ‘बळतरा’ म्हटलं असतं तर त्यांनी लगेच डॉक्टरांना सांगितलं असतं. मळमळ म्हणजे ऊबका, चूळ भरणं म्हणजे कोगळा करवा. न कळलेल्या शब्दाला उत्तर येत नाही, आई आवाज चढवते, हात झटकते, आणि वहीत नोंद होते: ‘पेशंट आक्रमक’. दुसऱ्या दिवशी गुंगीची गोळी सुरू.

म्हणून एका कागदावर पंचवीस शब्द लिहा. डावीकडे मराठी शब्द, पण गुजराती लिपीत, म्हणजे आयाला वाचता येईल; उजवीकडे त्याचा गुजराती अर्थ. प्लास्टिकमध्ये घालून पलंगाजवळ लावा. संडासाच्या दारावर मात्र ठळक देवनागरीत पाटी हवी, कारण मराठी शाळेत शिकलेल्या बाईला पहिली लिपी तीच. खोलीत नातवंडांचे नवे फोटो लावतात, ते तिला अनोळखी मुलांचे वाटतात. तिच्या पंचविशीतला फोटो लावा, सुरसागर तलावासमोरचा किंवा कमाटीबागेतला असेल तर उत्तम. दिवेलागणीला बेचैनी वाढते, त्या वेळी शुभंकरोति आणि रामरक्षा वीस मिनिटं लागेल अशी सोय करा. गुजराती पद्धतीने वरणात गूळ नको हे स्वयंपाक्याला सांगा. गोड वरण तिला वरण वाटत नाही, ती ताट सारते, आणि मधुमेह असेल तर साखरेचाही प्रश्न. सोन्याच्या बांगड्या आणि मंगळसूत्र आधीच काढून काळे मणी दोऱ्यात ओवून द्या. बहुतेक होम दागिन्यांची जबाबदारी घेत नाहीत, आणि काचेच्या बांगडीने पातळ झालेली कातडी पटकन फाटते.

गुंगीच्या गोळीबद्दल (बहुधा अँटिसायकॉटिक) दूर राहूनही ठाम राहता येतं. कुठली, किती मिलिग्रॅम, कशासाठी, कुणी लिहिली? दर सहा आठवड्यांनी ती चालू ठेवायची का हे पाहिलं जावं, असं ब्रिटनचं अधिकृत मार्गदर्शन आहे; स्मृतिभ्रंशाच्या म्हाताऱ्या रुग्णांत या औषधांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. स्मृतिभ्रंशाच्या लेवी बॉडी प्रकारात हॅलोपेरिडॉल या अशाच गोळीने माणूस लाकडासारखा ताठरतो, म्हणून निदानातला प्रकार फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरात हवा. अचानक दोन दिवसांत आई बिघडली तर आजार वाढला असं मानू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, रक्तात कमी झालेलं सोडियम, नवी गोळी, हे आधी तपासायला सांगा. आणि महिन्याला एकदा वजन मागा. पन्नास किलोच्या बाईचं महिन्यात अडीच किलो उतरलं तर गिळायला त्रास होतोय का, कुणी भरवतंय का, हे त्याच दिवशी विचारायचं.

पहिले दोन-तीन आठवडे वाईट जातात. जेवण कमी होतं, ‘घरी ने’ चालू राहतं, आणि भेटून आलेला मामा फोन करतो, ‘किती रडली रे ती.’ इथे बरीच कुटुंबं आईला परत घरी नेतात आणि तीन महिन्यांनी पुन्हा होममध्ये. हे दोनदा हलवणं तिला सगळ्यात जड जातं.

बडोद्यात राहणारी बहीण हे सगळं करते. परदेशातला भाऊ पैसे पाठवतो आणि बोलायला लागला की सूचना देतो. माझं मत स्पष्ट आहे: सही तिची, निर्णय तिचा. तिने हो म्हटलेल्या गोष्टीवर रात्री कुटुंबाच्या ग्रुपवर प्रश्न विचारायचे नाहीत. तिला वर्षातून पंधरा दिवसांची सुट्टी हवी असते, तेव्हा भावाने जाऊन रोज होमला जायचं, आयांची नावं शिकायची, बिलं बघायची.

फोनची वेळही बदलावी लागते. इंग्लंडात रविवारी दुपारी एक ही सोयीची वेळ, पण तेव्हा बडोद्यात उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा वाजलेले असतात, म्हणजे नेमकी संध्याकाळ. आई कावरीबावरी असते, फोनवर रडते, आणि मुलाचा पूर्ण आठवडा त्या दहा मिनिटांत जातो. तिची बरी वेळ सकाळी साडेदहाची. इकडे तेव्हा उन्हाळ्यात सकाळचे सहा, थंडीत पहाटेचे पाच. ‘ओळखलंस का?’ विचारू नये. नाव आपणच सांगावं आणि ती ज्या गल्लीत, ज्या वर्षात असेल तिथलंच बोलावं.