आमदार झालात? मग प्रश्न असा विचारा की उद्भवणारच नाही

समजा उद्या तुमचं नशीब फळफळलं अन् तुम्ही मराठवाड्यातल्या एखाद्या मतदारसंघातून आमदार झालात, गुलाल झाला, जेसीबीतून फुलं उधळून झाली, गावोगावचे बॅनर लागले, आता पुढं सभागृहात गोरगरिबांचे प्रश्न मांडायचे म्हणून पोटात गोळा आला असेल तर अजिबात घाबरू नका राव, लै सोपं असतंय ते.

पहिलं म्हणजे गावातल्या माणसाचा प्रश्न आहे तसा मुंबईला न्यायचा नाही. तो तुम्हाला सांगणार, "साहेब, सोयाबीन पाण्यात गेलं, तलाठी बांधावर फिरकलाच नाही, कुणाच्या तरी ओट्यावर बसून पंचनामे केले अन् यादीत माझं नावच नाही." हे असं चालत नसतं. त्याला आधी सरकारी कपडे घालावे लागतात. म्हणजे, "माहे सप्टेंबरमध्ये वा त्यादरम्यान उक्त तालुक्यात अतिवृष्टीने पिकांचे नुकसान होऊनही पंचनामे झाले नसल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" झाला तारांकित प्रश्न तयार, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून द्यावं लागतं तो. त्यात तो माणूस नाही, ओटा तर नाहीच नाही.

आता खरी मजा. हा कागद विधानभवनातून मंत्रालयात जातो, विभागातून कलेक्टर ऑफिसला, तिथून तहसीलला, तहसीलमधून मंडळ अधिकाऱ्याकडं, अन् शेवटाला पोचतो कुठं तर त्याच तलाठ्याच्या टेबलावर (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, २०२४ ला नाव बदललं, तेवढा एक प्रश्न तरी मार्गी लागला). त्याला विचारणार, का हो, तुम्ही बांधावर गेला नव्हता म्हणे, खरंय का? आता तो गडी काय लिहिणार तुम्हीच सांगा. तो लिहितो, गेलो होतो. मग ते उत्तर आल्या वाटेनं परत वर चढतं, प्रत्येक टेबलावर एकेक सही वाढते अन् वर पोचेपर्यंत इतकं वजनदार होतं की मंत्री महोदय ठणकावून वाचतात, "हे खरे नाही." पुढच्या भागाला, "प्रश्न उद्भवत नाही." अन् विलंबाला, "विलंब झालेला नाही." ज्याच्याबद्दल तक्रार त्याच्याकडूनच उत्तर, ह्याच्याइतकी स्वस्त अन् जलद चौकशी तुम्हाला जगात कुठं बघायला मिळणार नाही. कधीमधी चुकून "अंशतः खरे आहे" असं आलं तर पेढे वाटा, मतदारसंघात बॅनर लावा. कुठला अंश खरा ते विचारत बसू नका.

पावसावर विचारताना तर जरा जपूनच. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला तर ती अतिवृष्टी, अन् हे मोजतं कोण तर महसूल मंडळाच्या ठिकाणी बसवलेलं यंत्र. एका मंडळात कितीतरी गावं. ढगाला मंडळाची हद्द माहीत नसते ही ढगाची चूक आहे, शासनाची नाही. तुमच्या गावचा ओढा घरात शिरला, म्हशी दावणीसकट वाहून गेल्या, तरी यंत्राच्या डोक्यावर रिमझिम असली की उत्तर येणार, सदर मंडळात अतिवृष्टीची नोंद नाही. त्यामुळं शेतकऱ्यांना सल्ला द्या की पुढच्या टायमाला यंत्राच्या शेजारी पेरा.

अन् आकडे नेहमी कोटीतच बोला. ऑक्टोबर २०२५ ला राज्यातल्या पूरग्रस्त शेतकऱ्यांसाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं, असा आकडा नुसता म्हणून बघा, कसं तोंड भरून येतं! तो गुंठ्यात उतरवायचा नाही. कारण आपत्तीच्या नेहमीच्या निकषात जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, एका हेक्टरात जवळपास ९९ गुंठे, म्हणजे गुंठ्याला पडले साधारण ८६ रुपये, हे गणित सभागृहात केलं तर वातावरण बिघडतं, अन् तुमच्या शेजारी बसलेल्या आमदाराला हसू आवरत नाही.

तसंच जुन्या पॅकेजची आठवण काढायची नाही. संभाजीनगरात ऑक्टोबर २०१६ ला अख्खं मंत्रिमंडळ येऊन बसलं, सप्टेंबर २०२३ ला परत येऊन बसलं, दोन्ही बारीला ४० हजार कोटींच्या वरच्या घोषणा. आता पहिल्यातलं किती झालं हे विचारून दुसऱ्याचा मूड कशाला घालवायचा? काहीच सुचत नसलं तर नुसतं "अनुशेष" म्हणा, म्हणजे आपल्या भागाचा राहून गेलेला विकास. १९८४ च्या दांडेकर समितीपासून चालू आहे हा विषय, सगळ्या पक्षांच्या सगळ्या आमदारांनी वापरलाय तरी अजून झिजला नाही, अन् कुणी विरोध पण करत नाही.

एक प्रकार मात्र चुकूनही करू नका. जिथं मोजून आकडा सांगावा लागतो असा प्रश्न. जून २०१९ ला विधान परिषदेत नीलम गोऱ्हेंनी बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाच्या पिशव्या काढल्याचा विषय काढला, अन् तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदेंना उत्तर द्यावं लागलं की जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. समिती बसली, घरोघर विचारपूस निघाली. पाळी आली की खाडा, खाडा पडला की मुकादमाचा दंड, म्हणून पिशवीच काढून टाकायची, हे तांड्या-वस्तीवर पोरीबाळींना सुद्धा ठाऊक होतं पण सरकारच्या कागदावर कुठंच नव्हतं, ते असं एका प्रश्नानं इतिवृत्तात जाऊन बसलं. आता ते कुणाला खोडता येत नाही. असले प्रश्न सगळ्यांनी विचारायला लागले तर खालच्या ऑफिसांनी कामं कधी करायची?

त्यापेक्षा विधानभवनाच्या पायऱ्या बऱ्या. गळ्यात सोयाबीनची नाहीतर कापसाची माळ घालायची, हातात फलक, तीस सेकंदाची रील, मागं हलगीचं म्युझिक. आत प्रश्नोत्तराचा तास गोंधळात तहकूब झाला तरी बाहेर रील चालूच असते. हिवाळी अधिवेशनाला नागपूरला गेलात तर शक्यतो ताजी माळ न्या, कारण डिसेंबरपर्यंत खरं सोयाबीन शेतकऱ्यानं मिळेल त्या भावात व्यापाऱ्याला घालून टाकलेलं असतंय.

अन् समजा नशिबानं तुमचा प्रश्न पुकारला गेलाच, तर उभं राहून म्हणा, "अध्यक्ष महोदय, माझा अगदी स्पेसिफिक प्रश्न आहे," अन् मग दहा मिनिटं बोला. मंत्री म्हणतील, शासन सकारात्मक आहे. तुम्ही विरोधात असाल तर म्हणतील, तुमचं सरकार होतं तेव्हा काय केलं. तुम्ही सत्तेत असाल तर म्हणतील, सन्माननीय सदस्यांनी अत्यंत महत्त्वाचा विषय मांडलाय, अधिवेशन संपल्यावर माझ्या दालनात बैठक लावू. बैठक लावू म्हटलं की खाली बसायचं. तारीख विचारायची नाही, तारीख विचारणारा आमदार परत निधीच्या यादीत दिसत नाही, अन् निधी नाही म्हणजे गुत्तेदार नाही, गुत्तेदार नाही म्हणजे पुढच्या इलेक्शनला गाड्या नाहीत, हे सगळं एकमेकात गुतलेलं आहे दादा.

सभागृहात दिलेली अन् पाळायची राहून गेलेली आश्वासनं बघायला एक आश्वासन समिती असते. तिच्यावर आपली वर्णी लावून घ्या. दौरे असतात, भत्ता असतो, रेस्ट हाऊसवर जेवण चांगलं मिळतं, अन् तुमचीच बैठक का लागली नाही ह्याचं उत्तर तुम्हाला तुमच्याच समितीत बसून मागवता येतं. उत्तर लिहायला ते खाली पाठवतील, कुठं जातं ते तुम्हाला माहीतच आहे.