माझे नऊ टक्के

दहावीला आम्ही अकरा जण होतो. सहा मुली, पाच मुलगे. मुंबईत नोकरीला लागल्यावर मला कळलं, की लोकांच्या वर्गात साठ-साठ पोरं असायची आणि त्यातल्या निम्म्यांची नावं सरांना वर्ष संपलं तरी ठाऊक नसायची. एवढं सुख! आमच्याकडे मागचा बाक होता, पण तो तिसरा होता.

सरांनी प्रश्न विचारला की अकराही जण एकदम खिडकीबाहेर बघायचो. बाहेर एक रातांबा होता. तेवढ्या एकाग्रतेने पुस्तकात पाहिलं असतं तर आज मी वेगळ्याच विषयावर लिहीत असतो. कधी कधी सरही फसायचे आणि खिडकीशी येऊन विचारायचे, "कोण इला काय रे?"

परिपाठाचा तर छळच होता. प्रार्थना, प्रतिज्ञा, पंचांग, सुविचार, दिनविशेष, बातम्या. मोठ्या शाळेत महिन्यातून एकदा पाळी यायची म्हणे, आमच्याकडे दिवसाआड. पेपर दुपारच्या एसटीने यायचा, त्यामुळे बातम्या कालच्याच. सुविचार दिवाळीपर्यंत संपले. पुढे 'आळस हा माणसाचा शत्रू आहे' हा एकच सुविचार आम्ही आळीपाळीने फळ्यावर लिहीत होतो, कारण नवा शोधायचा कंटाळा.

कबड्डीला सात लागतात आणि मुलगे पाच, म्हणून दोन नववीतून उसने. क्रिकेटला मुली धरून बरोबर अकरा भरायचे, पण मग खेळायचं कोणाशी?

स्नेहसंमेलनात मी राजा होतो. नाटक ऐतिहासिक. एक मुलगा सेनापती, एक शत्रू, एक पेटीवर, आणि पाचव्याला ऐन वेळी गोवर आला. मुलींचा नाच लगेच पुढे असल्यामुळे त्या नटण्यात गुंतलेल्या. तेव्हा पडदा ओढणार कोण? शेवटच्या प्रवेशात मी छातीत तलवार खुपसून घेऊन रंगमंचावर पडलो. पेटी थांबली. गाव गप्प झालं. पडदा काही पडेना. पेटीवाला दात-ओठ खात मला खुणावत होता. शेवटी मी उठलो, धोतराचा सोगा सावरला, विंगेत गेलो आणि दोरी ओढून स्वतःवर पडदा पाडला. पुढच्या रांगेतली एक आजी म्हणाली, "राजा चांगलो होतो गे, मेल्यावरपण कामात." एवढी दाद मला पुन्हा कधी मिळाली नाही.

पण खरा जाच होता तो टक्केवारीचा. अकरातला एक म्हणजे शेकडा नऊ. हे गणित मुख्याध्यापकांनी जूनमध्येच फळ्यावर करून दाखवलं होतं. एक जरी नापास झाला तरी शाळेचा निकाल नव्वदीवर येणार. त्यामुळे आम्ही कोणी ताप आला म्हणून घरी राहिलो, तर संध्याकाळी सर ताप बघायला हजर. जानेवारी लागला तशी त्यांनी पहाटेची गस्त सुरू केली. पाच वाजता हातात बॅटरी घेऊन प्रत्येकाच्या अंगणात उभे. खिडकीत उजेड दिसला तर पुढच्या घरी, नाहीतर हाक. मी त्यावर तोडगा काढला: कंदील पेटवायचा आणि गोधडी ओढून झोपायचं. तिसऱ्या दिवशी पडवीतून आवाज आला, "वहिनी, तुमचो कंदील बरो अभ्यास करता. पण घोरता कित्याक?"

आईने लाजून त्यांना चहा दिला. त्यांनी बशीत ओतलेला चहा फुंकत मला पायथागोरसचा सिद्धान्त विचारला. मी खिडकीकडे बघितलं. बाहेर अंधार होता.

शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा टांगलेला तुकडा. कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळुरापर्यंत सलग धावली ती २६ जानेवारी १९९८ पासून, आमच्याकडे रूळ त्याच्या कितीतरी आधी येऊन लटकला होता. मार्च १९९६ मध्ये तो शेवटचा वाजला तेव्हा सहाही मुली रडल्या. मुलगे रडले नाहीत, फक्त सगळ्यांना एकदम सर्दी झाली. वर्गणी काढून आम्ही शाळेला भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्याआधीच्या सगळ्या वर्गांनीही घड्याळच दिलं होतं. ऑफिसात त्या वेळी सात घड्याळं होती आणि प्रत्येकात वेगळी वेळ. शिपाई उन्हं बघून घंटा द्यायचा.

जूनमध्ये निकाल लागला. मी गणितात चार मार्कांनी गेलो. सर मला काही बोलले नाहीत. ऑक्टोबरच्या परीक्षेआधी मात्र पुन्हा पहाटे अंगणात बॅटरी चमकायला लागली, आणि मी सुटलो. पण ऑक्टोबरचा निकाल त्या फलकावर चढत नाही.

कोणता फलक, ते परवा कळलं. आम्ही अकराही जण शाळेत जमलो होतो. अकरा जणांच्या स्नेहमेळाव्यात दांडी मारता येत नाही, लगेच नऊ टक्के गैरहजेरी दिसते. आमचे सर आता नाहीत. नवे मुख्याध्यापक तरुण, हौशी. त्यांनी ऑफिसात नेऊन कौतुकाने दाखवला: काळा फलक, पांढरी अक्षरं, शाळेचे सगळे निकाल वर्षवार. शंभर, शंभर, शंभर. मध्येच 'मार्च १९९६ : बसले ११, उत्तीर्ण १०, शेकडा ९०.९०'. खरं तर ते ९०.९१ हवं, पण हे मी कोणत्या तोंडाने सांगणार?

"हे एकच वर्ष जरा खटकतं," ते म्हणाले. "तुमचीच बॅच ना? कोण गेलं होतं हो तेव्हा?"

दहाही जणांनी खिडकीबाहेर बघितलं. रातांबा केव्हाच तोडलाय, तिथे आता मोबाइलचा टॉवर आहे. मग मीही बघितलं.

मुख्याध्यापक खिडकीशी गेले आणि वाकून म्हणाले, "कोण आलंय का?"